घार तोंड उघडत न्हाई

बुध. ५ नोव्हें.
मंचरला गेले. पारसशेठच्या दुकानात बंडल अजून सुटलंच नव्हतं. अर्धा तास उभी. शेठ म्हणतो, "वहिनी, दम धरा. शाळेची पोरं बी एवढी घाई करत न्हाईत." म्हणलं, पोरं मोबाईल बघत्यात, तुमचं कॉमिक मीच घेती, कात्री आणा. सुतळी मीच कापली शेवटी.
कळंबच्या यष्टीत दोन्ही वाचून काढली.
पोलादराव – नापास. सबंध अंक भाषण. अंग पोलादाचं ते ठीक, जीभ कशापाई पोलादाची? दरोडेखोर समोर उभा आणि हा चार पानं सांगतोय मी कोण, माझा बाप कोण. लग्नात आहेराची नावं पुकारतो तो माणूस बरा. तेवढ्यात दरोडेखोर घरी जाऊन जेवून आला असता.
घार – चित्रं पास, बाई नापास. पाचवा आठवडा हेच चाललंय. दिवसा पोस्टात शिक्के मारती, पंख लावले की घार. तो राक्षस, धुरकट्या, पाण्याच्या टाकीखाली लपलाय, तिला पक्कं ठावं. गावाला सांगत न्हाई. का, तर 'तुला कसं कळलं' विचारतील, मग घार ती हीच हे फुटंल, मग म्हाताऱ्या आईला लोक छळतील. अगं पण तो रोज एक माणूस उचलतोय! तोंड उघड की बया. मी असते तर टाकीवर चढून बोंबलले असते.

गुरु. ६
दुपारी कॅनॉलला, सुमनसंग. गुरुवारचं आमचं ठरलेलं. तिची मेंढरं चरत्यात, मोत्या कुत्रा राखतो, आमी दोघी जावा बांधावर. सु. शाळेत गेलीच न्हाई. मी वाचते, ती चित्रावर बोट ठेवून ऐकती. मी तरी कुठली, चौथीत नापास. पण फुग्यातलं वाचायला चौथी बास झाली.
घारीवरनं भांडण. सु. म्हणती, "आक्का, तिची आई हाय घरी. सांगितलं तर आईचं काय?" म्हणलं, आणि गावाच्या आयांचं काय? तर म्हणती, "तुमाला काय, तुमचं काय जात न्हाई."
पोलादरावचं भाषण आवडलं तिला. लई हसली. तिला काहीबी आवडतं.

संध्याकाळी. मळ्यातल्या वस्तीवरनं बिबट्यानं कालवड नेली. ऊसतोड सुरू झाली, आता जनावराला लपायला जागा न्हाई, फिरणारच. भावजी जेवता जेवता सु.ला म्हणले, "कॅनॉलच्या अंगाला नुसता दिसला जरी ना, दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावून नवाच्या नऊ विकीन. बायको गमवायची न्हाई मला मेंढरापायी."
बोलणं वाईट न्हाई त्यांचं. पण सु.चं तोंड बघवंना. लग्नात दोन आणली व्हती माहेरनं, कोकरं. त्याची नऊ केली. आमच्या घरची सगळी मेंढरं सासऱ्यांनी केव्हाच विकली, विहीर काढली. मेंढरं म्हणून उरली ती हीच नऊ.


शनि. ८
देवळाम्होरं फॉरेस्टची माणसं आली व्हती. बायांना गळ्यात घालायला पट्टे वाटले. जाड पट्टा, बाहेरनं टोकदार खिळे. शेतात जाताना घालायचा, बिबट्या नरडं धरतो म्हणून. असलाच पट्टा मोत्याच्या गळ्यात हाय, सासऱ्यांच्या वेळचा. म्हणजे कुत्र्याचं आणि बाईचं एकच झालं. बोलले तसं तोंडावर. तो पोरगेला साहेब म्हणतो, "मावशी, लाज वाटू द्या, पण घाला." आणि म्हणला, वाकू नका, खाली बसू नका, बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. दिसला तर फोन करा, पिंजरा लावतो. नंबर लिहून दिला. चुलीमागं कॅलेंडरला टोचलाय.
सु.नं लगेच घातला. कमरेवर हात ठेवून उभी. "आक्का, बघा, मी आता कॉमिकातली."
खरं सांगायचं तर कॉमिकवाल्यांना एवढी बी अक्कल न्हाई. पाठीवर झालर, पायात चकचकीत बूट, कमरेला चार बोटं रुंद पट्टा. नरडं सगळ्यांचं उघडं. घारीचं तर पार गळ्याखालपर्यंत.

बुध. १२
अदृश्यकुमार म्हणून नवीन निघालंय. पहिला अंक. दिसत न्हाई तो. म्हणजे चित्रकारानं काढलाच न्हाई! पानापानाला रिकामी खोली, रिकामी खुर्ची, वर फुगा – 'हा हा हा, मी इथे आहे'. शेठला म्हणलं, पुढच्या वेळी मी बी अदृश्य पैसे देईन. शेठ हसला, पण पैसे घेतले. साफ नापास.
पोलादराव – काठावर पास. या खेपेला गंजला. पावसात उभा राहून. बरं झालं.
घार मुद्दाम वाचली न्हाई. सु.संग उद्या वाचीन. गेल्या अंकाच्या शेवटी टाकीखाली पोस्टमन अडकलेला. आता तरी बोलती का बघू.

गुरु. १३
अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
चार वाजले असतील. आमी बांधावर. साहेबानं बसू नका सांगितलं व्हतं, बसलो. पट्टे व्हते गळ्यात, पण माना खाली दोघींच्या, पुस्तकात. घार पोस्टमनला बघती आणि उडून जाती, त्या पानावर. सु. म्हणली, "गेली?" मी म्हणलं, गेली, भित्री. तेवढ्यात
मोत्या ओरडला न्हाई. आवाज आला तो उसातनं. पाचट दाबल्यासारखा. वर बघितलं तर पिवळं काहीतरी मोत्याच्या अंगावर. दहा पावलांवर. दहा बी न्हाई.
मी काय केलं? काय न्हाई. उभी सुद्धा राहिले न्हाई. सु. उठली, काठी आपटत, शिव्या देत सरळ त्याच्याकडं. वेडी. त्यानं मोत्याचं नरडं धरलं व्हतं, खिळे लागले असतील, सोडलं. सु.कडं बघितलं. मला वाटलं संपलं. मग उसात गेला. पळत बी न्हाई, चालत.
मेंढरं मोजली. नऊ. परत मोजली. नऊ.
मोत्याचा खांदा फाटला, कान लोंबतोय. गळा शाबूत.
सु.नं माझा हात धरला. नखं रुतली. "आक्का, कुणाला सांगू नगा. आईची आण हाय. मेंढरू गेलं न्हाई एक बी. मग कशाला सांगायचं?"
हो म्हणलं.

शुक्र. १४
मोत्या तारेच्या कंपाउंडमधी अडकला, असं सांगितलं. मीच सांगितलं. सु.ला खोटं बोलता येत न्हाई, चुलीत फुंकत बसली.
भावजींनी जखम धुतली, हळद भरली. लई वेळ बघत व्हते. "वहिनी, तारेनं असं आतनं फाटत न्हाई."
म्हणलं, ओढून काढला ना मी, म्हणून फाटलं.
"पट्ट्याचे दोन खिळे वाकलेत."
म्हणलं, तारंतच वाकले.
बघितलं माझ्याकडं. हळदीचा हात पुसला, उठले. त्यांनी ओरडलेलं परवडलं असतं.

रवि. १६
सु. मेंढरं आता माळाच्या अंगाला नेती. भावजींना सांगितलं, तिकडं गवत बरंय. गवत कसलं, दगडं.

दुपारी कुंदा आली. त्या उसाला लागून तिचं वावर, मधी फक्त पाटाची नाली. कांद्याची लागण काढलीये गुरुवारी, दहा बाया सांगितल्यात. मलाच विचारती, "आक्का, तुमी तर तिकडंच असता सारख्या. काय दिसलं बिसलं न्हाई ना? बाया विचारत्यात. सकाळी आठपासनं वाकून राहायचं, भ्या वाटतं वो."
सु. दारात उभी व्हती. बघत व्हती माझ्याकडं.
मी म्हणलं, न्हाई. काय न्हाई दिसलं.
कुंदा चहा पिऊन गेली. हसत गेली. जाताना म्हणली, तुमी सांगितलं, आता घोर न्हाई.

मंगळ. १८
सु.ला म्हणलं, नुसतं फॉरेस्टला सांगू, आपलं नाव न देता. ती म्हणली, पिंजरा कुठं लावतील? कॅनॉललाच ना? मग ह्यांना दिसंल न्हाई का? बरोबर हाय तिचं.
मग म्हणलं, कुंदाच्या बायांना पट्टे हायत. ती उठली. मोत्याच्या कानाला मलम लावत बसली. पट्टा असून कानाचं काय झालं ते दोघींना दिसत व्हतं.

बुध. १९
मंचरला गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. शेठ म्हणतो, "वहिनी, आज शिव्या न्हाईत? तब्येत बरी हाय ना?"
पोलादराव, अदृश्यकुमार घेतलेच न्हाईत. घार तेवढी.
यष्टीत वाचली. पोस्टमन मेला. टाकीखालीच. घार पोस्टात त्याच्या रिकाम्या खुर्चीजवळ शिक्के मारत बसलीये, तीन पानं नुसतं तेच. एक शब्द न्हाई. धाड, धाड, धाड. मी आठवडं न् आठवडं तिला भित्री म्हणले. भित्री न्हाई ती. घरात म्हातारी हाय, तिच्याकडं बघून बसलीये. ते कळलं आता. पण पोस्टमन मेला तो मेलाच.
शेवटच्या पानावर गावाच्या चौकात उभी. पंख न्हाईत, पोस्टातलंच लुगडं. लोक जमलेत. तोंड उघडलंय. फुगा काढलाय आणि फुग्यात काय न्हाई. रिकामा. खाली 'पुढील बुधवारी'.
लबाड लोक. असं करत्यात का कुठं.
चित्र लई चांगलं. पास.

गुरु. २०
पहाटं उठून सु.कडं गेले. वाड्यात मेंढरं सोडत व्हती. म्हणलं, सुमन, आठला लागण बसंल. मी सांगणार हाय.
तिनं बघितलं सुद्धा न्हाई. "आण घेतली व्हती तुमी."
म्हणलं, घेतली व्हती.
"तुमचं काय जात न्हाई," म्हणली. मागं घारीवरनं म्हणली व्हती तेच. तवा हसत म्हणली व्हती.
नंबर लावला. तोच पोरगेला साहेब. कुठं, कधी, केवढा, सगळं विचारलं. मग म्हणला, "गेल्या गुरुवारी दिसला, मग मावशी, आज सांगताय?" काय सांगू त्याला, पोस्टात शिक्के मारत व्हते?  "बरं, नाव काय तुमचं?" म्हणलं नाव कशाला? म्हणला, नोंदीला लागतं.
सांगितलं. पूर्ण. नवऱ्याचं, आडनाव, वस्ती, सगळं.
मग कुंदाच्या वावराकडं पळाले. बाया नालीवर चपला काढत व्हत्या. रोपाच्या पेंढ्या डोक्यावर. ओरडून सांगितलं, हितं न्हाई, निघा, मी बघितलाय. कुंदा म्हणली, "कधी?" म्हणलं, तू इचारायच्या आधी. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिनं पेंढी खाली ठेवली आणि बायांना घेऊन गेली. रोपं तिथंच ऊन खात पडली.

दुपार. गाडी येऊन गेली. नालीच्या चिखलात ठसे सापडले, कालचे. एक मोठा आणि त्याच्या बाजूला दोन बारके. मादी हाय, पिल्लं हायत. पिंजरा संध्याकाळपर्यंत आणत्यात.
भावजींनी सगळं ऐकलं. वाड्याकडं बघितलं. मला एवढंच म्हणले, "तारेत अडकला व्हता का, वहिनी." मग अंगणात जाऊन बसलेत, मोबाईल हातात. टेम्पोवाल्याला लावलाय का दुसऱ्या कुणाला, कळत न्हाई. बोलत न्हाईत, नुसते कानाला लावून बसलेत.
सु. मेंढरं घेऊन सकाळीच गेली. माळाला गेली म्हणत्यात. मोत्या लंगडत तिच्यामागं.
आता तिच्या खोलीत डोकावले. पट्टा खुंटीला तसाच. आणि माझी घार, काल उंबऱ्यावर ठेवली व्हती तिच्यासाठी, ती न्हाई. तिला वाचता येत न्हाई. न्यायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते नेलं.
एकटी बसली असंल कुठं तरी मान खाली घालून, चित्रावर बोट ठेवून. त्या रिकाम्या फुग्यावर.
भावजी अजून फोनवर. आता बोलायला लागलेत, हळू, ऐकू येत न्हाई.
तिचा पट्टा घेतला. माझा गळ्यात. निघते.