विनापरवाना भिजवलेल्या फटाक्यांविषयी

लिहून ठेवते मी, सकवारबाई, भ्रतार कै. आप्पाजी लाड, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार यशवंतपूर, बेंगळूर. माझी बुद्धी शाबूत आहे. दीर विठोजी यांना शंका असल्यास त्यांनी आधी स्वतःची तपासून घ्यावी. खालील मजकुरासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. राहते घर व खालचे दुकान यजमानांनी माझ्या नावे घेतले होते. ते दोन्ही मी शेजारच्या यल्लव्वाची मुलगी चंपा हिला देते. ती आमच्या नात्यातली नव्हे, म्हणून कारण लिहिते.

दुकानात आम्ही फटाके विकत होतो. गंधक आणि पोटॅश एकत्र ठासलेल्या बॉम्बना सरकारची बंदी होती, राहत्या घरात साठा करण्यालाही होती. बंदीचा कागद दारावर असे आणि बॉम्ब जिन्याखाली. विठोजी परवाना कचेरीत निरीक्षक. दर दिवाळीआधी येत, जिन्याकडे पाठ करून फराळ करीत आणि 'सर्व सुरक्षित' असा शेरा देऊन जात. आठ वर्षांत त्यांनी एकच त्रुटी काढली. चिवड्यात मीठ स्वल्प कमी होते.

१९५९ साली चंपा बावीस वर्षांची होती, शिवणकामावर घर चालवीत होती. बॉम्ब घेताना तिने मला विचारले, "अक्का, धोका नाही ना?" मी भिंतीवरचा शेरा दाखवला. वात नीट पेटायच्या आत बॉम्ब तिच्या हातात फुटला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. जिन्याखाली काय आहे ते मला ठाऊक होते.

२. तो शेरा काचेच्या चौकटीसह विठोजींना द्यावा. त्यांनी देवघरात लावावा.

पुढच्या वर्षी यजमान वारले आणि परवाना माझ्या नावे आला. तो रद्द करा, असा मी अर्ज केला. कचेरीत म्हणाले, नूतनीकरणाचा छापील नमुना आहे, रद्द करण्याचा नाही. वर राज्याकडे जा. राज्याकडचे म्हणाले, ही स्थानिक बाब आहे. मी या दोन दारांत हेलपाटे घालीत असताना परवाना न मागता वाढवून मिळाला. तेव्हा मी सगळा माल परसातल्या हौदात बुडवला. विठोजी धावत आले, त्यांनी जन्मात प्रथमच नियमांचे पुस्तक उघडले आणि विनापरवाना माल नष्ट केल्याची नोटीस मला दिली.

३. ती नोटीस माझ्या चितेवर ठेवावी. कचेरीचे एक तरी काम वेळेवर होईल.

४. माझ्या अंत्ययात्रेपुढे इथल्या रिवाजाप्रमाणे तमटे, म्हणजे आपल्याकडच्या हलग्या, वाजवावेत. फटाके लावू नयेत, विठोजींनी सुरक्षित म्हटले तरी.

५. घराचे मी चंपाला गेल्या आठवड्यात सांगितले. ती डाव्या हाताने काजे करीत होती. सुई न थांबवता म्हणाली, "घर घेते, अक्का. माफ करणार नाही."

मी इथल्या बोलीत 'सरी' म्हटले, म्हणजे बरे. घरावर तशी अट नाही, माझ्यामागे कोणी घालू नये.

हे मला वाचून दाखवले. एक अक्षरही बदलायचे नाही, म्हणून दोघांसमक्ष सही करते.

सही: सकवारबाई लाड
साक्षीदार: १. कृष्णात घोरपडे, वैद्य (सही)
२. पिराजी माने, किराणा दुकानदार (डाव्या अंगठ्याची निशाणी)

यशवंतपूर, बेंगळूर
ता. २२ नोव्हेंबर १९६४