धुतलेली वाळू

मंगळवार, संध्याकाळ. राजापेठ.

अकोल्याच्या सभेत ‘जमिनीतले जीव वाचवा’ म्हणून गरजून परतलो, तर घरच्या समुद्री माशांच्या टाकीतली वाळू मिठासारखी पांढरी. आज नळ आला होता. आईने शिळ्या पाण्याची भांडी घासली, तशी वाळूही उपसून नळाखाली धुतली.

"किडे वळवळून राहिले होते रे त्याच्यात. मासे कसे जगतीन?"

त्या किड्यांमुळेच तर जगत होते. घाण खाऊन पाणी स्वच्छ राखणारी जिवंत वाळू होती ती. आता मासे वर येऊन धापा टाकताहेत. खारं पाणी बदललं, हवेचा पंप लावला. आणखी काय करू? इतकी पांढरी वाळू…

सभेत कुणाचं न ऐकणारा मी आईशेजारी जाऊन बसलो. ती टाकीजवळच बसली आहे.

"बघ, कसे वर येऊन खेळून राहिले."

"हो आई," म्हणालो.