पंचवीस वॅटचा गाळा

मी, बाळा सखाराम घाडी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाँड्री, राहणार टागोर नगर, विक्रोळी पूर्व, मुंबई, असे लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही, आणि मला कोणी दारू पाजून किंवा धाक घालून लिहायला बसवलेलं नाही. धाक घालणारी घरात एकच आहे, माझी पत्नी नलिनी, आणि मी काय लिहितोय ते तिला अजून ठाऊक नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या पश्चात कोणी दुसरा कागद पुढे केला तर तो खोटा समजावा.

वकिलांनी छापील नमुना दिला होता. तो दीड पानाचा निघाला. माझं दीड पानात भागत नाही, म्हणून स्वतःच्या हाताने लिहितोय. वाचणाऱ्याने कंटाळा करू नये.

कलम १. माझे वारस दोन. पत्नी नलिनी, वय सत्तर, आणि मुलगा निलेश. तो सून मानसीसह ठाण्याला चौदाव्या मजल्यावर राहतो. नलिनीला दिसत नाही. अगदी काळोख नाही, दारात कोणी उभं राहिलं तर सावली कळते, एवढंच.

माझी मालमत्ता तीन प्रकारची: राहती खोली, बँकेतली ठेव आणि लाँड्रीचा गाळा क्रमांक सात. खोलीत नलिनीने हयातभर राहावं, नंतर ती निलेशची. ठेव आधीच निलेशच्या नावे लावली आहे, त्यावरून कोणी कटकट करू नये. राहिला गाळा. निलेशने त्याला केकवाल्याचं गिऱ्हाईक आणलंय. "बाबा, आज भाव आहे. तुमच्यानंतर आई एकटी तिथे काय करणार? मी तिला घरी नेतो, सोफ्यावर आरामात बसू दे," म्हणतो. मुलगा वाईट नाही. पण गाळा नलिनीच्या हातून जाता कामा नये, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप आहे. त्याचं कलम खाली येईल.

कलम २. दोन्ही विजेच्या इस्त्र्या, वाफेची इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन आणि सागवानी टेबल दर्शना सम्यक सोनावणे हिला द्यावं. ती सतरा वर्षं माझ्याकडे इस्त्री करते. सुरुवातीला बाहीच्या दोन घड्या पाडायची, आता मला शिकवते.

मी १९८४ साली जिन्याखाली कोळशाच्या इस्त्रीवर सुरुवात केली. माझे वडील गिरणीत बॉयलरवर होते. पायपाला कान लावून वाफ कुठून गळतेय ते सांगायचे, आणि घरी आई चुलीवरून भांडं उतरवायची त्याआधीच लाकूड बाहेर ओढायचे. तो काटकसरीचा रोग मला लागला. विजेची इस्त्री घेतली तेव्हा वाटलं, सुटलो. धंद्याच्या मीटरचं पहिलं बिल आलं आणि मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून जी पद्धत बसवली ती इथे लिहून ठेवतो. दर्शनाला ती पाठ आहे, पण पुढच्याला उपयोगी पडेल. कपडे आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून घट्ट गुंडाळून ठेवायचे, म्हणजे इस्त्री एकदाच फिरते. सकाळी इस्त्री तापत असताना टेरिकॉट उरकायचं. कडक तापली की सुती, युनिफॉर्म, धोतरं. शेवटचे दहा-बारा नग उरले की बटण बंद करून टाकायचं आणि उरलेल्या धगीवर सिल्क, ओढण्या, रुमाल काढायचे. टेबलावरच्या घोंगडीखाली चंदेरी कागद आहे, तो फाटला की बदलावा. त्यामुळे धग लाकडात न जाता कापडात परत येते. खळ शिजवायला पाणी छपरावरच्या काळ्या पिंपातलं घ्यावं, दुपारी ते हात पोळेल इतकं तापतं. पुढच्या टेबलावर छपराचा एक पत्रा काढून पारदर्शक बसवलाय. त्याखाली सहा वाजेपर्यंत दिवा लावायची गरज नाही, काळ्या पँटीवरचा धागासुद्धा दिसतो.

गिऱ्हाईकं मला हसायची. "काय घाडी, आज मीटर उलटा फिरला का?" हसा लेको! आजूबाजूच्या तीन लाँड्र्या बंद पडल्या, माझी चालू आहे.

आणि कोणता कपडा किती धग सोसेल ते नलिनी सांगते. बोटात कापड धरते आणि "ह्यां नायलॉन आसा, शेवटाक," म्हणते. दुकानदार कापूस म्हणून काहीही विकतात. नलिनीचं बोट आजवर चुकलेलं नाही. रोज सकाळी सगळा ढीग ती लावून देते, मगच इस्त्रीचं बटण सुरू होतं. पावसाळ्याच्या तोंडावर शाळांचे पांढरे शर्ट यायचे, शंभर-शंभर, आणि ओल्या सुताचा तो वास सगळ्या गाळ्यात भरायचा. नलिनी म्हणायची की हा वास बाटलीत भरून विकला असता तर आपण बंगला बांधला असता. ते दिवस फार चांगले होते.

कलम ३. वीज वाचवणारा म्हणून एक पांढरा डबा काउंटरच्या मागे लावलेला आहे. तो माझा मेहुणा देवेश याने २०१२ साली मला गळ्यात मारला. "भावोजी, प्लगात घाला आणि बिल निम्मं." बिल एका रुपयाने उतरलं नाही, उलट त्या डब्याचा हिरवा दिवा चोवीस तास जळत राहिला. मी तो उघडला, तर आत तो दिवा आणि रेती. रेती! तो डबा देवेशला परत द्यावा. सोबत काही बोलायची गरज नाही.

कलम ४. आता जे लिहितो ते मी कोणाजवळ बोललेलो नाही.

गाळ्याच्या मागच्या बाजूला पोटमाळ्याखाली नलिनीची जागा. तिथे खिडकी नाही, वरचा उजेड पोचत नाही. १९८६ साली हा गाळा आधी भाड्याने घेतला, तेव्हापासून ती तिथे रफू करायची, बटणं लावायची. तिच्या डोक्यावर पंचवीस वॅटचा बल्ब होता. तिने साठचा मागितला की मी म्हणायचो, "सुई तुझ्या हातात आहे, भिंतीला कशाला उजेड?" आणि स्वतःच्या विनोदावर हसायचो.

२००७ मध्ये ती रोज म्हणायला लागली, "माका दिसना नाय." बाजूला ठेवलेला बटणांचा डबा तिच्या हाताने सांडायचा आणि मी ओरडायचो. तिलाही वाटायचं बल्ब कमी पडतोय, आणि मलाही तेच वाटायचं. दुसऱ्या कोणाच्या घरी पहिल्याच आठवड्यात डोळे तपासले असते. आमच्याकडे दिसलं नाही की दोष दिव्याचा, कारण माझा दिवा खरंच मंद होता. मंडळाच्या हॉलमध्ये फुकट नेत्रतपासणी झाली. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला चिठ्ठी दिली: डोळ्यातला दाब वाढलाय, मोठ्या हॉस्पिटलात लगेच दाखवा. मी म्हटलं, आधी उजेड वाढवून बघू, उगाच डॉक्टरांच्या मागे कशाला धावा. त्याच दिवशी चाळीस वॅटची ट्यूब आणून तिच्या डोक्यावर लावली. बटण दाबलं आणि विचारलं, "काय गं?"

ती म्हणाली, "आता बरां दिसता."

मी चिठ्ठी फाडली. दोन वर्षांनी ती भरल्या बादलीवर आपटली तेव्हा हॉस्पिटलात नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आधी आणलं असतं तर रोज दोन थेंबांवर टिकली असती, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. ते मी घरी सांगितलं नाही. नशीब म्हणालो, आणि नलिनीही नशीबच म्हणते. सोळा वर्षं मी त्या नशिबाच्या आड लपलोय. मला स्वतःची लाज वाटते. वीज वाचवण्यात चूक नव्हती, पुढच्या टेबलावर मी ती अक्कल लावून वाचवली. मागच्या बाजूला मी नुसती माणसावर काटकसर केली.

कलम ५. म्हणून गाळा क्रमांक सात, मीटर, परवाना आणि नावासह, मी माझ्या पत्नीला भरपाई म्हणून देतो. निलेशने तो विकू नये, विकण्यासाठी तिच्या मागे लागू नये. दर्शनाने धंदा चालवावा, उत्पन्न दोघींनी वाटून घ्यावं. चौदाव्या मजल्यावर नलिनीला सोफा मिळेल, पण कपड्यांचा ढीग मिळणार नाही. गाळ्यात तिला विचारल्याशिवाय इस्त्री तापत नाही.

पुरवणी. वरील मजकूर मी आज, रविवारी, गाळा बंद ठेवून दोन्ही साक्षीदारांसमोर नलिनीला वाचून दाखवला. कलम ४ वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. ती कोणाच्या तरी शर्टाची कॉलर चाचपत होती. वाचून झालं तशी तिने शर्ट घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाली:

"तेवा पण माका दिसना नाय होतां. ट्यूब लावल्यात तरी काय फरक पडलो नाय."

"मग बरं दिसतं का म्हणालीस?"

"पयल्यांदा माझ्यासाठी दिवो लावलात. तुमचां तोंड पडात म्हणून म्हटलंय." आणि पुढे म्हणाली, "चिठ्ठीचां माका सांगूक व्हयां होतां. त्याचो राग आसा. तो ऱ्हवतलो."

मी म्हटलं, राहू दे. म्हणूनच गाळा तुला देतोय.

तेव्हा ती भडकली. "भरपाई नको माका! एक्याण्णव साली गाळो इकत घेतलो तेवा निम्मे पैसे माझ्या रफूचे होते. कागदावर नाव तुमचां एकट्याचां. मी इचारलंय नाय, तुमी सांगल्यात नाय. माजांच माका देणारे तुमी कोण?"

मी पेनाचं टोपण काढलं, कारण ते खरं आहे.

सबब कलम ५ मधील "भरपाई म्हणून देतो" हे शब्द मी खोडले आहेत. खोडल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. त्या जागी असं वाचावं: गाळा क्रमांक सातचा निम्मा हिस्सा १९९१ पासून नलिनी बाळा घाडी हिचाच आहे. तो देण्याचा मला अधिकार नाही. माझा उरलेला निम्मा हिस्सा, ती घेईल तर, तिला द्यावा.

ती घेईल का, हे मी विचारलं. विचार करून सांगते म्हणाली.

लिहून देणार: बाळा सखाराम घाडी (सही)

साक्षीदार: १. डॉ. मृणालिनी राऊळ, टागोर नगर (सही)
२. जयंती परब, गाळा क्रमांक आठ (सही)

गाळ्याची निम्मी मालक: नलिनी बाळा घाडी (सही, जागा बोटाने दाखवली, सही तिनेच केली)

ठिकाण: विक्रोळी पूर्व, मुंबई
दिनांक: १४ डिसेंबर २०२५