थेंबातली हजेरी

ता. ४
नोकरी मिळाली! मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आज स्वतः सांगितलं. काम बघून कायम करणार आहेत. लेकीलाही माझ्याच वर्गात घेतलं. उशिरा आली म्हणून हजेरीत शेवटची, पस्तिसावी. प्रयोगशाळेत जुना सूक्ष्मदर्शक आहे. आरशाने ऊन पकडलं की झकास दिसतं.

ता. ८
गालाच्या पेशी दाखवल्या. काडीने गाल खरवडताना वर्गभर खिदळणं. तास उरला म्हणून पिण्याच्या टाकीतला थेंब काचपट्टीवर घेतला. पाच जीव. पारदर्शक, लांबट, आत काळा ठिपका. पुस्तकात कुठेच सापडेनात. शिपाईमामा म्हणाले, "बाई, एवढं जवळून बघितलं तर माणूसही बघवत नाही!"
आज पाच मुलं गैरहजर होती. ताप नाही म्हणे, नुसती झोप. उठतच नाहीत.

ता. १३
मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी पाण्याच्या दाखल्याचा कागद पुढे सरकवला. तपासणी तोंडावर आली आहे, नव्या माणसाने फार बारीक बघू नये, म्हणाल्या. 'पाणी पिण्यास योग्य' याखाली मी सही केली.
घरी येऊन लेकीची बाटली उकळलेल्या पाण्याने भरली. टाकीला हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. बाकी चौतीस जणांना काहीच सांगितलं नाही.

ता. १९
गैरहजर बारा. थेंबात बारा.
भिंगाला डोळा लावून हजेरी पुकारली. आलेल्यांच्या नंबरला काही नाही. न आलेल्या प्रत्येकाच्या नंबरला एकेक जीव वळला. वर, माझ्याकडे.

ता. २२
अठ्ठावीस. टाकी बंद करा म्हणून हात जोडले. मोठ्या बाईंनी माझीच सही पुढे धरली.

ता. २५
चौतीस. वर्गात एकटी लेक. मी फळ्याकडे तोंड करून शिकवलं.

ता. २६
कायम झाल्याचं पत्र आलं.
लेक म्हणाली, टाकीतलं पाणी कसंतरी लागतं म्हणून सगळे तिचंच मागायचे. ती देऊन टाकायची. मग तहान लागली की बाटली टाकीवरून—
दुपारपासून झोपली आहे. हलवते, हाका मारते—
थेंब घेतला. मोजला नाही. मोजणार नाही.
उद्या दहाला हजेरी. चौतीसपर्यंत म्हणेन. पुढचा नंबर पुकारला आणि बाकावरून आवाज आला नाही, तर खाली, काचेवर—