पंचनाम्यावरची सही

प्रिय नलिनी,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन, असं कधी वाटलं नव्हतं. पण सोमवारी अमरावतीच्या कोर्टात माझी साक्ष आहे, ज्या स्फोटात तू गेलीस, त्याच्याच खटल्यात. मी तिथे जे बोलणार आहे, ते तुला आधी कळायला हवं.

तुझ्यावर माझा राग आहे. अकोल्याहून चार दिवस अमरावतीला नणंदेकडे गेलीस, तर घरात बसायचं! भर बाजारात, त्याच दुकानासमोर कशाला उभी राहिलीस? या प्रश्नाला अर्थ नाही, हे मलाही कळतं.

स्फोटानंतर दहा-बारा दिवसांनी पोलीस आमच्या गल्लीत आले. समोरच्या घरात मोबाइल दुरुस्त करणारा एक भाडेकरू राहायचा. त्याच्या खोलीच्या झडतीला पंच हवा होता. फौजदार माझा जुना विद्यार्थी. मी राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? मला ओट्यावर खुर्ची दिली, चहा आणला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने एक पिशवी बाहेर आली. तारा, बॅटऱ्या, एक डबा. पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘आमच्या समक्ष पलंगाखालून काढली.’ पलंग मी पाहिलाच नव्हता. फौजदार हळूच म्हणाला, “मॅडम, त्याच स्फोटातला आहे हा.” मी स्वतः पेन मागून घेतलं आणि पानापानावर सही केली.

समाधानाने केली, नलिनी. हे कबूल करायला मला फार दिवस लागले.

होस्टेलमध्ये माझी कानातली रिंग हरवली, तेव्हा मी झाडणाऱ्या बाईचं नाव घेतलं होतं. तू सगळ्या मुलींसमोर विचारलंस, “तू पायलं काय तिले घेताना? नाई ना? मंग कावून बोलून राहिली?” आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही. रिंग काही सापडली नाही.

तुझ्या लेकीला, वर्षाला, मी सगळं सांगितलं. सरकारी वकील म्हणतात, पंच फिरला तर खटला ढिला पडेल. ती रडली नाही, भांडली नाही. “मावशी, सही तर तुझीच आहे ना? मंग तेवढंच सांग. आईसाठी.”

ज्याने बॉम्ब ठेवला, त्याने तुझा चेहरा पाहिला नव्हता. त्याला कोणीही चाललं असतं. सही करताना मीही त्या भाडेकरूकडे पाहिलं नाही. मलाही कोणीही चाललं असतं.

तो दोषी असेलही. उद्या सुटला आणि तोच निघाला, तर? सरकारने कायद्याबाहेर पाऊल टाकू नये, असं मी वर्गात तीस वर्षं ठासून शिकवलं. तेव्हा मेलेल्यांत माझं कोणी नव्हतं.

सोमवारी सांगेन, सही माझी आहे; पिशवी बाहेर आणताना पाहिली, कुठून काढली ते पाहिलं नाही. कोर्ट जे सुनावेल ते ऐकेन. मग तशीच एसटीने अकोल्याला येईन. वर्षाला हे पेपरातून कळू देणार नाही, तिच्या दारात उभी राहून सांगेन. ती मला घरात घेईल असं वाटत नाही. तरी येईन, हा माझा शब्द.

तुझी,
सुमन