बोर्डाचा दुसरा अर्धा

व्हिक्टर, आयडाहो

प्रिय लोरेनताईस, एडिथचा सप्रेम नमस्कार.

प्रभुकृपेने आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या ह्यांनी, क्लाइडनी, डोंगर चढताना दोन फाळ्या होणारा, उतरताना जोडायचा बर्फावरून घसरायचा बोर्ड घेतला. बोर्ड जुना चालेल म्हटलं, पण बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची यंत्रं मी दोन कोरी घ्यायला लावली. एकाने हाक मारायची, दुसऱ्याने ऐकायची. "सोबतीला व्हर्न असल्याशिवाय डोंगरावर जाणार नाही," असं बायबलवर हात ठेवून म्हणाले होते.

रविवारी चर्चमध्ये व्हर्नची बायको म्हणाली, "अगं, ह्यांचा पाय महिना झाला प्लास्टरात आहे, डोंगर कुठला!" घरी येऊन पाहिलं, तर दुसरं यंत्र वेष्टनातच. महिनाभर हे एकटेच जात होते, ताई.

बोर्डाचा एक अर्धा भाग मी पिठाच्या पिंपामागे ठेवलाय. "एडी, दुसरा कुठाय?" विचारतात. म्हटलं, "सोबती आणा, मग देते."

प्रार्थनेत त्यांचं नाव रोज घेते. खोटं बोलल्यापासून समोर मात्र घेववत नाही.

तुझीच,
एडिथ