अनंताच्या फळांचा काढा

आई, मला तुझा अजून राग येतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, टेक्सासातल्या प्लेनोच्या या घराचा रंगही बदलून झाला, पण दारातल्या तुझ्या अनंताला कळी आली की माझं डोकं फिरतं ते फिरतंच. बाबा गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस आणि नर्सरीतून हे झुडूप आणून आपल्या हातानं लावलंस. बारा महिने हिरवंगार असतं मेलं.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तू सकाळीच फुलं काढलीस, येणाऱ्या प्रत्येकीसाठी एकेक, देठाला ओला कापूस गुंडाळून. "तूही माळ ना गं," मी म्हटलं. "मला काय करायचंय आता," म्हणालीस आणि फूल नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिलीस. दुपारी मी पन्ह्याचा ट्रे घेऊन बाहेर येते, तर अर्विंगहून आलेली ती बाई तुझ्या कानाशी लागलेली. "मावशी, तुम्ही प्लीज थोडा वेळ आत बसाल का? कुंकू लावताना काही जणींना ऑकवर्ड होतं हो." आणि तू उठतेस! शाळेत शिकवताना हेडमास्तरांना तोंडावर सुनावणारी तू, "बसते हो" म्हणून निमूट आत जातेस. मी त्या बाईला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हा तू आतून ओरडलीस, तेही माझ्यावर: "घरी आलेल्या बाईशी असं बोलतात का?" लेकी बोले सुने लागे म्हणावं, तर त्या बाईला ते लागलंही नाही, डाळ मागून घेतली तिनं. या टेक्सासात कोण विधवा नि कोण सवाष्ण, कुणाला पडलं होतं गं? आपणच ते लोणच्याच्या बरणीसारखं सामानात बांधून आणलं, आणि तू ते गपगुमान सोसलंस.

गेल्या आठवड्यात शेजारच्या चिनी मावशी अनंताची केशरी फळं मागून घेऊन गेल्या. त्यांच्याकडे ती वाळवून औषधात घालतात. काल थर्मासभर काढा घेऊन आल्या. बागकाम करताना मी एकटीच तुझ्याशी भांडत असते, ते त्यांनी ऐकलं असणार. "फॉर हीट," म्हणाल्या. "यू, ऑलवेज अँग्री. ड्रिंक."

मी थँक्यू म्हटलं, दार लावलं आणि काढा सिंकमध्ये ओतला. हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते: मला भीती वाटली. राग उतरला तर तुझ्याशी भांडता यायचं नाही, आणि मग नुसतं रडावं लागेल.